बॉल खिडकीकडे वळतोय : घरी बसवलेलं पूल टेबल लेव्हल कसं करायचं?

मुलुंडकर | १२ जुलै, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी,

बाबा रेल्वेत गार्ड होते. ड्यूटी सुटली की रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबात, तासभर बिलियर्ड्स खेळायचे आणि मगच घरी यायचे. रिटायर झाल्यावरही आठवड्यातून तीनदा जाणं चालू होतं. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि लोकलचा प्रवास सुटला. दिवसभर खिडकीत बसलेले बाबा बघवेनात, म्हणून टेबलच घरी आणायचं ठरवलं.

बंद होणाऱ्या एका पूल पार्लरमधून सात फुटी पूल टेबल मिळालं. खेळायची जागा ७८ बाय ३९ इंच, कापडाखालची दगडी स्लेट तीन तुकड्यांत, पाऊण इंच जाड. आमचा जोडफ्लॅट आहे, मधली भिंत काढून केलेला हॉल साडेसोळा बाय साडेबारा फूट. लांबीला ५८ इंची क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, जेमतेम पुरते, रुंदीला भिंत आड येते म्हणून ४८ इंची एक आखूड क्यू घेतली.

विकणाऱ्याने फिटिंगचे पैसे आधीच घेतले होते. तीन आठवडे वाट पाहिली, माणूस आलाच नाही. शेवटी मी आणि भावाने मिळून बसवलं. फोनवरचं लेव्हलचं ॲप आणि सुताराची दोन फुटी स्पिरिट लेव्हल वापरली. जिथे कमी वाटलं तिथे स्लेटखाली आणि पायाखाली पॅकिंगच्या पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या. ॲपवर सगळीकडे ०.० किंवा ०.१ आलं, मग कापड ताणून स्टेपल मारले.

जोरात मारलेला बॉल सरळ जातो. हळू सोडला की शेवटच्या दोन फुटांत खिडकीकडे वळतो. दोन आठवड्यांपूर्वी किंचित होतं, आता स्पष्ट दिसतं. बाबांनी एक शब्दही काढलेला नाही. त्या कोपऱ्याच्या पॉकेटमध्ये मारायचं असलं की ते गुपचूप थोडं उजवीकडे धरतात. मला ते लागतंय. पुन्हा सगळं उघडायची तयारी आहे, फक्त या वेळी बरोबर करायचंय. कुठून सुरुवात करू?

कॅरमवेडा | १२ जुलै, रात्री ११:२०

कॅरमला आपण स्टँडच्या पायाखाली कागद सरकवतो आणि काम होतं. इथे दगड आहे, त्यामुळे पायाखालच्या घडीने भागेल असं वाटत नाही. वाचतोय.

जिमखाना_संध्याकाळ | १३ जुलै, सकाळी ७:०५

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स जिंकलं, भारताचं कुठल्याही खेळातलं ते पहिलं वैयक्तिक जगज्जेतेपद. १९६४ला त्यांनी ते पुन्हा जिंकलं. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये खेळणारी ती पिढी त्या बातम्या ऐकत मोठी झाली. अशा माणसाच्या टेबलासाठी मेहनत घेताय, फार बरं वाटलं.

एक सांगतो, जोरात मारलेल्या बॉलवर टेबल कधी तपासू नये. वेगात उतार लपतो. आमच्या जिमखान्यातले मार्कर, म्हणजे टेबलं सांभाळणारे, रोज सकाळी ब्रश फिरवून झाला की एक बॉल अगदी हलक्या हाताने बॉल्कपासून (खेळ सुरू होतो त्या टोकापासून) समोरच्या कुशनपर्यंत, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीपर्यंत, सोडायचे. तो परत येताना कुठे थांबतो ते बघून टेबलाची तब्येत सांगायचे.

निवृत्त_फिटर | १३ जुलै, सकाळी ९:४०

मी तीस वर्षं कारखान्यात मशिनं बसवली. लेथचा बेड बसवणं आणि हे टेबल बसवणं यांत तत्त्वाचा काही फरक नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी फोनबद्दल. ॲपवरचा ०.१ अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण ७८ इंचांवर त्याचे जवळजवळ साडेतीन मिलिमीटर होतात. जागतिक पूल संघटनेच्या नियमात स्पर्धेच्या टेबलाला लांबीत ०.०२० इंच आणि रुंदीत ०.०१० इंच एवढीच मुभा आहे, म्हणजे अर्धा आणि पाव मिलिमीटर. ज्या मापाची चूक शोधायची आहे ती फोनला दिसतच नाही. शिवाय तुम्ही फोन कुठे ठेवलात, स्लेटच्या कडेला की मधोमध, यावरही आकडा बदलतो.

दुसरं, पुठ्ठा. पॅकिंगचा पुठ्ठा आतून पन्हाळीदार आणि पोकळ असतो. मुंबईचा जुलै, हवा ओली, वर चाळीस-चाळीस किलोचे तुकडे. पुठ्ठा ओलावा धरतो आणि दबतो. दोन आठवड्यांत उतार वाढला त्याचं कारण बहुधा हेच आहे.

अजून कापडाला हात लावू नका. आधी दोष कुठे आहे ते शोधू. जाड कागदाची एक छोटी पन्हळ करा, तिचं एक टोक दोन काडेपेट्यांवर टेकवा आणि बॉल दरवेळी त्याच उंचीवरून सोडा, म्हणजे वेग सारखा राहील. तिन्ही तुकड्यांवर वेगवेगळं करा, आडवं आणि उभं, जाताना आणि उलट दिशेने येताना. दोन-तीन वेगळे बॉल वापरा, कारण जुना बॉल स्वतःच एका बाजूला जड असू शकतो. प्रत्येक तुकड्यावर बॉल कुठे वळतो ते कागदावर बाणाने लिहा.

तिन्ही बाण एकाच बाजूला असतील तर सांगाडा कललाय, पायाकडून सुटेल. बाण वेगवेगळे असतील तर स्लेट आपापल्या परीने बसल्यात, मग कापड काढावंच लागेल.

आरसीसी | १३ जुलै, दुपारी १:१५

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. वजनाचा प्रश्न कोणीतरी विचारेलच म्हणून आधीच लिहितो. आयएस ८७५ भाग २ या भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घराच्या खोल्यांना चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, एवढा चल भार (माणसं, सामान यांचं वजन) धरून स्लॅब केलेला असतो. तुमचं टेबल अडीचशे किलोच्या आसपास असेल आणि ते तीन चौरस मीटरवर पसरलंय. चांगल्या स्थितीतल्या आरसीसी इमारतीत काळजी नको. गिरगाव-परळच्या लाकडी तुळयांच्या चाळीत मात्र तपासून घेतल्याशिवाय ठेवू नये. ३० वर्षांवरच्या इमारतींना तसंही स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, सोसायटीकडे अहवाल असेल तर एकदा वाचा.

मला खटकलं ते वेगळंच. जोडफ्लॅट म्हणालात. काढलेल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या लाद्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या गवंड्याने बसवलेल्या असणार. टेबलाचे दोन पाय इकडे आणि दोन तिकडे आहेत का? आणि लादीवर लादी टाकलीय का?

पार्लेकरीण | १३ जुलै, दुपारी ३:३०

माझ्या मुलांनाही टेबल हवंय, म्हणून विचारते. हॉल लहान आहे. वर गच्चीला शेड आहे, तिथे ठेवता येईल का?

आरसीसी | १३ जुलै, दुपारी ४:०२

@पार्लेकरीण, गच्चीला पाणी वाहून जायला मुद्दाम ढाळ दिलेला असतो, साधारण शंभराला एक. सात फुटी टेबलाच्या दोन टोकांत तिथेच दोन सेंटीमीटरचा फरक पडतो. तो पायाच्या बोल्टने काढता येईल, पण शेडखालीही पावसाची झड येते. प्लाय फुगेल, कापडाला बुरशी येईल. नको.

मुलुंडकर | १६ जुलै, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन संध्याकाळी यातच गेल्या. पन्हळ बाबांनी केली, जुन्या कॅलेंडरच्या पानाची.

बाण असे आले : दाराकडचा तुकडा खिडकीकडे, मधला खिडकीकडे, स्वयंपाकघराकडचा मात्र उलट, आतल्या भिंतीकडे. म्हणजे दोन्ही दोष आहेत.

@आरसीसी, तुम्ही इथे येऊन बघितल्यासारखं लिहिलंत. दोन पाय एका फ्लॅटमध्ये, दोन दुसऱ्यात. ओळखीच्या गवंड्याकडून पाण्याची लेव्हल पाईप आणली आणि चारही पायांजवळ भिंतीवर व टेपवर खुणा केल्या. जुन्या भिंतीच्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे ९ मिलिमीटरचा फरक निघाला. नंतर नाण्याने लाद्या वाजवून पाहिल्या. तीन पायांखालच्या टणक वाजल्या. खिडकी-स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली ढबढब वाजली, खाली पोकळी आहे. बरोबर त्या लादीवर पाय आहे.

टेबल सरकवायला लांबीत जागा नाही. ती लादी काढून खाली माल भरून पुन्हा बसवतोय. गवंडी म्हणाला आठवडाभर वजन टाकू नका. तोवर कापड आणि रेल (कुशन बसवलेल्या कडेच्या पट्ट्या) काढून ठेवतो. स्लेट बसवायचा क्रम सांगाल का?

निवृत्त_फिटर | १७ जुलै, सकाळी १०:१०

छान तपासलंत. आता क्रम लिहितो, तो मोडू नका. आधी सांगाडा, मग मधली स्लेट, मग टोकाच्या दोन. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरची धरायची नाही. सांगाड्याची चूक स्लेटखालच्या पॅकिंगने आणि स्लेटची चूक पायाच्या बोल्टने काढायला गेलात की दोन्ही चुका एकमेकींत अडकतात. आत्ता तेच झालंय.

लेव्हल म्हणून सुताराची चालणार नाही. इंजिनिअरिंग लेव्हल हवी, जिच्या काचेवर एक घर म्हणजे मीटरला ०.१ मिलिमीटर. ०.०२ची फ्रेम लेव्हल कोणी दिली तर घेऊ नका, या कामाला ती फार नाजूक, बुडबुडा थाऱ्यावर येता येत नाही. नागदेवी स्ट्रीटला दुकानं आहेत, पण एका कामासाठी विकत कशाला घेता? माझी आहे, भांडुपला राहतो, येऊन घेऊन जा.

वापरण्याआधी लेव्हलचीच परीक्षा घ्या. एका जागी ठेवा, बुडबुडा बघा, मग त्याच जागी टोकं उलटी करून ठेवा. दोन्ही वेळा बुडबुडा खोलीच्या एकाच बाजूला गेला तर पृष्ठभाग कललाय. बुडबुडा लेव्हलच्याच एका ठरावीक टोकाला चिकटत असेल तर लेव्हल चुकीची आहे.

सांगाडा : चारही पायांखाली टणक काहीतरी द्या, ग्रॅनाइटचा तुकडा किंवा लोखंडी पट्टी. रबर नको, ते महिनोन्महिने दबत राहतं. ९ मिलिमीटर आधी पट्टीने भरून काढा आणि बोल्ट मधल्या आट्यांवर ठेवा, म्हणजे पुढे वर-खाली दोन्हीकडे वाव राहील.

स्लेट : मधला तुकडा ठेवून उभा, आडवा आणि दोन्ही कर्णांत बघा. कमी असेल तिथे स्क्रूच्या अगदी शेजारी पॅकिंग द्या. जुने पत्ते किंवा व्हिजिटिंग कार्ड चालतं, एक साधारण ०.३ मिलिमीटर. त्याहून बारीक हवं तर ब्रासची शिम (पातळ पट्टी) घ्या किंवा थंड पेयाच्या कॅनचा पत्रा कापा, तो ०.१च्या आसपास असतो. कडा बोथट करा, हात कापतो. स्क्रू आवळताना दगड वाकतो, हे लोकांना खरं वाटत नाही. स्क्रू हलका टेकला की अर्धा आटा आणि थांबायचं. प्रत्येक स्क्रूनंतर पुन्हा लेव्हल बघायची.

टोकाचे तुकडे मधल्याशी जुळवताना डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. सांध्यावर स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवा, मागून टॉर्च मारा, खालून उजेड आला की खड्डा. मग डोळे मिटून नख फिरवा. नख अडतंय तोवर काम झालेलं नाही.

घरचा_सुतार | १७ जुलै, दुपारी १२:४५

सांधा भरायला गाडीच्या पेंटरची लांबी (पुट्टी) वापरा, दहा मिनिटांत दगडासारखी होते. घासली की सांधा सापडत नाही.

जिमखाना_संध्याकाळ | १७ जुलै, संध्याकाळी ६:२०

आदर ठेवून असहमत. लांबी पक्की होते हे खरं, पण मुंबईत घर बदलतंच. पुढे टेबल हलवायची वेळ आली की सांधा फोडताना स्लेटची कड उडते. मधमाशांचं मेण वापरा. ते साधारण ६२ अंशांना वितळतं, म्हणजे मे महिन्यातही टेबलावर पाझरायची भीती नाही. ब्लो टॉर्चने दोन्ही बाजूंचा दगड नुसता कोमट करायचा, मेण ओतायचं, गार झालं की कोऱ्या ब्लेडने खरवडून सपाट करायचं. आमच्याकडे बारा फुटी स्नूकर टेबलाच्या पाच स्लेटना मार्कर मेणच भरायचे.

कापड लावल्यावर रेलचे सगळे बोल्ट आधी हाताने धरवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. कुशनचं नाक बॉलच्या उंचीच्या ६३.५ टक्क्यांवर यायला हवं. आपला पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, म्हणजे ३६ मिलिमीटरच्या जरा वर. खाली गेलं तर बॉल उडी मारतो, वर गेलं तर उसळीच मरते.

घरचा_सुतार | १७ जुलै, संध्याकाळी ७:००

पुढे हलवायचा मुद्दा पटला. मेणच बरं.

मुलुंडकर | ३ ऑगस्ट, रात्री ११:४०

झालं.

काल सकाळी आठला सुरू केलं, रात्री साडेदहाला कापडाचा शेवटचा स्टेपल मारला. सांगाडा दीड तासात बसला. मधल्या स्लेटने मात्र साडेतीन तास घेतले. एका कोपऱ्यात पत्ता घातला की समोरचा उठायचा. शेवटी कळलं की एक स्क्रू जरा जास्त आवळला गेला होता. पाव आटा सैल केला आणि बुडबुडा हळूहळू मध्ये येऊन उभा राहिला. भाऊ आणि मी दोघंही काही वेळ बोललोच नाही.

दाराकडचा सांधा मला बरोबर वाटत होता. पट्टीखाली उजेडही नव्हता. बाबा खुर्ची ओढून जवळ बसले, चष्मा काढला, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख सांध्यावरून इकडून तिकडे नेलं. मध्यावर थांबून म्हणाले, ‘इथे.’ कॅनच्या पत्र्याची एक पट्टी घातली. त्यांनी परत नख फिरवलं, या वेळी ते थांबलं नाही. दुसऱ्या सांध्याचं काम मी त्यांनाच दिलं.

ही स्लेट म्हणजे आपल्या लहानपणच्या पाटीचाच दगड. कापड काढल्यावर त्या काळ्या करड्या दगडावर हात फिरवताना दोघांनाही ते आठवलं. खडूने बाबांनी एका कडेला तारीख लिहिलीय, ती कापडाखाली तशीच ठेवली.

मेण गवंड्याच्या टॉर्चने भरलं. लेव्हल लांबीत एका घराच्या आत, रुंदीत बुडबुडा हलतच नाही. पन्हळीवरून तिन्ही तुकड्यांवर बॉल सोडले, जाताना-येताना सरळ. हवा दमट असल्याने बॉल जड चालतोय, पण वळत नाही.

निवृत्त_फिटर | ४ ऑगस्ट, सकाळी ८:१५

वाचून समाधान झालं. लेव्हल लगेच परत करू नका. नवा माल, नवं पॅकिंग, सगळं थोडं बसतं. तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. फक्त पायाचे बोल्ट हलवायचे, स्लेटला हात लावायचा नाही.

पार्लेकरीण | ४ ऑगस्ट, सकाळी १०:३०

डोळे भरून आले. गच्चीचा विचार सोडला. हॉलचं माप घेतलं : १५ बाय साडेअकरा. सात फुटी बसेल का?

मुलुंडकर | ४ ऑगस्ट, सकाळी ११:१०

@पार्लेकरीण, हिशेब सोपा आहे. खेळायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना क्यूची लांबी मिळवा. ४८ इंची क्यू धरली तर ७८ अधिक ९६, म्हणजे साडेचौदा फूट. रुंदीला ३९ अधिक ९६, सव्वाअकरा फूट. चारही बाजूंनी आखूड क्यूने खेळावं लागेल आणि कडेला दुसरं सामान राहणार नाही. मुलं लहान असतील तर अडचण नाही. स्लेट तीन तुकड्यांचीच घ्या. एक तुकडा चाळीस किलोच्या आसपास, दोघं जण लिफ्टमध्ये उभा नेऊ शकतात. एकसंध स्लेट लिफ्टमध्ये जातच नाही, जिन्याच्या वळणावर अडकते.

मुलुंडकर | २६ ऑगस्ट, रात्री ९:०५

तीन आठवडे झाले म्हणून आज तपासलं. नव्याने बसवलेल्या लादीवरचा पाय अर्धं घर खाली गेला होता. बोल्ट पाव आट्याहूनही कमी फिरवला, जागेवर आला. बाकी तिन्ही पाय जसेच्या तसे.

बाबांनी संध्याकाळी खिडकीकडच्या कोपऱ्यात काळा बॉल सोडला. उजवीकडे धरला नाही, सरळ पॉकेटकडे धरून सोडला. अगदी शेवटी दमून तो आत पडला. मग मला म्हणाले, ‘चल, तू ब्रेक कर.’

@निवृत्त_फिटर काका, लेव्हल पुसून, तेलाचा हात देऊन डब्यात ठेवलीय. रविवारी भांडुपला आणून देतो. बाबाही यायचं म्हणतायत, तुम्हाला भेटायला. रिक्षाने येऊ.

निवृत्त_फिटर | २६ ऑगस्ट, रात्री ९:४०

जरूर या, तळमजल्यालाच राहतो, जिना नाही. लेव्हल आणू नका, पार्ल्याला पोचवा. त्यांचं टेबल पुढच्या आठवड्यात येतंय.